विश्लेषण : मंगळावर माणूस कशासाठी पाठवायचा? जुन्नरचा या प्रवासाशी संबंध काय?

ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला पुण्याकडून येणारी वाहने नारायणगावहून वळतात. त्याच नारायणगावहून पूर्वेकडे गेले, की खोडदच्या शिवारात आभाळाकडे तोंड केलेल्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री या तबकड्या मंगळाकडे वळवलेल्या होत्या. तिथे उतरू पाहणाऱ्या एका यानाचा संदेश त्यांना ऐकू येत होता आणि तो मध्येच थांबला. मंगळावर माणूस पाठवण्याची चर्चा एरवी रॉकेट केवढे, खर्च किती आणि पहिला कोण, याभोवतीच फिरते. त्या रात्री खोडदला जे घडले, त्यातून मात्र वेगळाच प्रश्न समोर येतो : पृथ्वीवरून मदत करणे अशक्य असलेल्या जागी माणसे पाठवायची का?

खोडदला त्या रात्री काय ऐकू आले?

युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘स्कियापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरण्याच्या तंत्राची चाचणी घेण्यासाठी पाठवले होते. त्याचा ट्रान्समीटर मोजक्या वॉटचा. तो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी होता, पृथ्वीशी नव्हे. परंतु ज्या लहरींवर तो बोलत होता, त्या जीएमआरटीला ऐकता येणाऱ्या पट्ट्यातल्या होत्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या एकत्र जोडलेल्या असल्याने इतका क्षीण संदेशही पकडता येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. तो खरा ठरला. वातावरणात शिरल्याचे कळले, पॅराशूट उघडल्याचे कळले. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या मिनिटभर आधी संदेश बंद झाला.

नेमके काय बिघडले, ते पुढे चौकशीत समजले. पॅराशूट उघडल्यावर यानाला अपेक्षेपेक्षा जोराचे हेलकावे बसले आणि ते मोजणारा संवेदक सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेच्या टोकाला अडकून राहिला. तेवढ्यावरून संगणकाने हिशेब केला, की यान जमिनीच्याही खाली पोहोचले आहे. म्हणून त्याने पॅराशूट सोडून दिले. खाली नेणारे इंजिन अर्धा मिनिट चालायला हवे होते, ते तीन सेकंदांत बंद केले. प्रत्यक्षात जमीन अजून ३.७ किलोमीटर खाली होती.

मंगळ तेव्हा इतका दूर होता, की संदेश इथे पोहोचायला जवळपास दहा मिनिटे लागत होती. म्हणजे पॅराशूट उघडल्याची खूण खोडदला मिळाली, तेव्हा यान आदळून काही मिनिटे उलटलेली होती. जगातल्या सर्वांत तीक्ष्ण कानांपैकी एक कान तिकडे लागलेला असूनही कोणाला काही करता येणार नव्हते. याच मोहिमेतले, मंगळाभोवती फिरणारे दुसरे यान मात्र त्याच दिवशी नीट कक्षेत गेले. तो भाग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

मग यंत्रेच पाठवलेली काय वाईट?

यंत्रांनी कमाल केली आहे, यात वाद नाही. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले, २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात कक्षेत पोहोचले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. सहा महिन्यांसाठी बनवलेले हे यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिले. माणूस पाठवण्याच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

तरीही यंत्राची मर्यादा हीच, की त्याला दूर बसलेला माणूस चालवतो. नासाच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ बग्गीने मंगळावर मॅरेथॉनएवढे, म्हणजे ४२ किलोमीटर अंतर कापायला ११ वर्षे घेतली. चंद्रावर १९७२ मध्ये गेलेल्या ‘अपोलो १७’च्या दोघांनी आपल्या गाडीतून तीन दिवसांत ३५ किलोमीटर फिरून ११० किलो दगड-माती आणली. त्यांतला एक भूगर्भशास्त्रज्ञ होता. कोणता दगड उचलायचा हे त्याला कोणाला विचारावे लागत नव्हते.

‘इनसाइट’ या यानाचे उदाहरण तर शेतकऱ्याला लगेच पटेल. मंगळाच्या पोटातली उष्णता मोजण्यासाठी त्याने एक खिळ्यासारखे उपकरण नेले होते. ते स्वतःला ठोकत पाच मीटर खाली जाणार होते. तिथली माती वेगळी निघाली, खिळ्याला पकड मिळेना. जवळपास दोन वर्षे शास्त्रज्ञ पृथ्वीवरून यानाच्या हाताने तो दाबत, ढकलत राहिले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न सोडून दिले. खिळा जेमतेम जमिनीत गाडला गेला होता. जवळ पहार घेऊन एक माणूस उभा असता, तर हे काम दुपारच्या जेवणाआधी उरकले असते.

माणूस पाठवण्याच्या बाजूचा खरा मुद्दा हाच आहे. ‘मानवजातीसाठी दुसरे घर’ वगैरे भाषा ऐकायला भव्य असली, तरी तिच्यात फार दम नाही. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात किंवा समुद्राच्या तळाशी राहणे मंगळापेक्षा कितीतरी सोपे आहे आणि तिकडे वस्ती करायला कोणी रांगा लावलेल्या नाहीत. मंगळावर कधीकाळी जीव होता का, हा प्रश्न मात्र अस्सल आहे. ‘पर्सिव्हिअरन्स’ बग्गीला एका खडकावर जे ठिपके आणि खनिजे सापडली, ती प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकतात, असे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘असू शकतात’ आणि ‘आहेत’ यांतले अंतर तो खडक प्रयोगशाळेत आल्याशिवाय मिटणार नाही.

अडचण नेमकी कुठे आहे?

सर्वांत अवघड भाग उतरण्याचा. मंगळाच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. यान तापवण्याइतकी हवा तिथे आहे, पण पॅराशूटने अलगद खाली आणण्याइतकी नाही. आजवर उतरवलेली सर्वांत जड वस्तूंपैकी ‘पर्सिव्हिअरन्स’ साधारण एक टनाची आहे. माणसे, त्यांचे घर आणि परतीचे वाहन न्यायचे तर एका खेपेला वीस टन किंवा त्याहून जास्त उतरवावे लागेल. ५७७ किलोचे ‘स्कियापारेल्ली’ कसे कोसळले, ते वर आलेच आहे.

दुसरा भाग परतीचा. पृथ्वी आणि मंगळ यांची सोयीची जुळणी साधारण २६ महिन्यांतून एकदा होते. एका बाजूचा प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा. म्हणजे पोहोचलेल्यांना पुढच्या जुळणीसाठी वर्ष-दीड वर्ष तिथेच थांबावे लागेल. सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि २८६ दिवसांनी परतल्या. पण अंतराळ स्थानक पृथ्वीपासून अवघ्या ४०० किलोमीटरवर आहे. तिथे शिधा पोहोचवता येतो, दुसरे यान पाठवता येते. मंगळावर अपेंडिक्स फुटले, तर पुण्याहून सर्जनने फोनवर सांगून शस्त्रक्रिया करवून घेणेही जमणार नाही. प्रश्न जायला कमाल २२ मिनिटे, उत्तर यायला तेवढीच. सूर्य मध्ये आला की सुमारे दोन आठवडे भरवशाचा संपर्कच नाही.

परतीचे इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन तिथल्याच हवेतून काढायचा, अशी कल्पना आहे. ती निव्वळ कागदावरची नाही. ‘पर्सिव्हिअरन्स’वरच्या ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून दाखवला. एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, आणि चौघांना मंगळावरून वर उचलायचे तर सुमारे २५ टन. तत्त्व सिद्ध झाले, कारखाना उभा राहायचा आहे.

तिसरी गोष्ट किरणोत्सर्गाची. ‘क्युरिऑसिटी’ने जाताना वाटेत केलेल्या मोजणीनुसार नुसत्या जाण्यायेण्यात अंतराळवीराला सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळेल. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये ती साधारण आठ-दहा असते. नासाने आपल्या अंतराळवीराला संपूर्ण कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ६०० आहे. हाडांची झीज, मातीतली परक्लोरेट ही विषारी क्षारद्रव्ये, महिनोन्महिने चालणारी धुळीची वादळे हे सगळे यानंतर येते. त्यांवर उपाय निघू शकतील. पण उतरणे आणि परतणे जमले नाही, तर त्या उपायांना अर्थ नाही.

तारखा का चुकत राहतात?

इलॉन मस्क यांनी २०१७ मध्ये २०२४ साली माणसे मंगळाकडे निघतील, असा आराखडा मांडला होता. ते वर्ष आले आणि गेले. यात हेटाळणी करण्यासारखे काही नाही, मोठी रॉकेट बनवणे खरोखर कठीण आहे. मात्र तारीख आधी जाहीर करून तंत्र मागून आणण्याची ही पद्धत माणसे नेताना धोक्याची ठरते. ज्या दगडांचे नमुने ‘पर्सिव्हिअरन्स’ने नळ्यांत भरून ठेवले आहेत, ते आणण्याची मोहीमच खर्चाचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत गेल्यावर रखडली. मंगळावरून मूठभर दगड परत आणणे परवडत नसेल, तर चार माणसे परत आणण्याच्या गप्पा कोणत्या हिशेबावर चालल्या आहेत?

क्रम साधा असायला हवा. आधी नमुने परत आणावेत. मग माणसांशिवाय वीस टनांचे यान एकदा नव्हे, दोन-तीनदा उतरवून दाखवावे. परतीचा ऑक्सिजन तिथे टाकीत भरलेला आहे, हे कळल्यावरच माणसांनी पृथ्वी सोडावी. यात दोन दशके गेली तरी बिघडत नाही. मंगळ कुठे जात नाही.

भारताने काय करावे?

भारताने मंगळावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत उतरण्याचे सध्या कारण नाही, आणि सरकारचे अधिकृत वेळापत्रकही तसे नाही. गगनयान, २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, हा क्रम ठरलेला आहे. गगनयान कार्यक्रमासाठी मंजूर झालेली रक्कम २० हजार १९३ कोटी रुपये आहे. शुभांशु शुक्ला यांचा २०२५ मधला अंतराळ स्थानकावरचा मुक्काम त्याच वाटेवरचा. मंगळासाठी उतरण्याचे तंत्र, संदेशवहन आणि उपकरणे यांत भागीदारी करणे भारताला परवडेल आणि शोभेलही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लोणारचे विवर आहे. बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेली अशी विवरे पृथ्वीवर दुर्मीळ आहेत, आणि मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच असल्याने शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात.

आणि खोडद आहेच. डॉ. गोविंद स्वरूप यांनी दुर्बिणीसाठी ही जागा निवडली, त्यामागे एक मोठे कारण इथली रेडिओ शांतता हे होते. जीएमआरटीचे मुख्य काम मंगळ नव्हे. हायड्रोजनचे ढग, स्पंदक तारे, दूरच्या दीर्घिका यांचे संदेश ती टिपते आणि जगभरचे शास्त्रज्ञ तिचा वेळ मागतात. पण माणसे मंगळाकडे निघतील तेव्हा असे संवेदनशील कान जगात मोजकेच असतील, आणि त्यांतला एक जुन्नर तालुक्यात आहे.

या शांततेची किंमत कोण मोजते?

मुंबई-पुण्यातल्या विज्ञानविषयक चर्चेत हा प्रश्न येत नाही, जुन्नर-आंबेगावात येतो. रेडिओ गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर या परिसरात मर्यादा आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाव भागातून जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे अडला आणि शिर्डीमार्गे जाण्याचा पर्याय पुढे आला, यावर तालुक्यात नाराजी आहे. द्राक्ष आणि टोमॅटो पिकवणाऱ्या पट्ट्याला रेल्वे हवी असणे स्वाभाविक आहे. ‘जगाच्या विज्ञानासाठी एवढे सोसा’ असे त्यांना सांगणे सोपे, पण अपुरे आहे.

दुर्बीण हलवता येत नाही आणि ती बिघडवून पुन्हा उभारताही येणार नाही, त्यामुळे तिचे संरक्षण व्हायलाच हवे. परंतु शांतता ही जर राष्ट्रीय संपत्ती असेल, तर ती राखणाऱ्या गावांना त्याचा मोबदला रस्ते, शीतगृहे, शिक्षण आणि रोजगाराच्या रूपाने मिळायला हवा. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळांच्या मुलांनी परिसर भरून जातो. ते उत्तमच आहे, मात्र वर्षातल्या एक-दोन दिवसांवर तालुक्याची बोळवण होऊ नये. तबकड्यांखालच्या गावांतली मुले तिथे अभियंता आणि संशोधक म्हणून किती लागली, ही आकडेवारी दरवर्षी जाहीर करण्यापासून सुरुवात करता येईल.

दरम्यान, ‘स्कियापारेल्ली’ ज्या कार्यक्रमाची रंगीत तालीम होती, ती युरोपची ‘रोझलिंड फ्रँकलिन’ बग्गी अजून पृथ्वीवरच आहे. तिचे उड्डाण २०२८ मध्ये आणि मंगळावर उतरणे २०३० मध्ये नियोजित आहे. तिच्यासोबत दोन मीटर खोल जाणारे ड्रिल असेल. माणूस नसेल.