एक कीबोर्ड, दोन संसार

आयटी पार्कातल्या सर्व्हर रूममध्ये एकाच मॉनिटरवरून आठ-दहा मशिन्स हाताळणारा हिरो तुम्ही पाहिला असेल. तुळजापुरात माझ्या मावसभावाच्या डीटीपीच्या दुकानातही हाच थाट आहे, पण तिथे तो शौक नाही. टेबल चार फुटांचं. वर मॉनिटर एक, कीबोर्ड-माऊसची जोडी एक... खाली सीपीयू मात्र दोन!

त्यातला एक विंडोज ९८चा म्हातारा. त्यात मराठीचं जुनं सॉफ्टवेअर, आणि त्याचं हार्डवेअर लॉक प्रिंटरच्या त्या जाड पॅरलल पोर्टला लावलेलं. नव्या मशिन्सना सहसा हे पोर्टच नसतं. लॉक नाही तर सॉफ्टवेअर नाही, आणि सॉफ्टवेअर नाही तर वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, लेटरहेडं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं, तेव्हा गिऱ्हाइकं जुनं लेटरहेड घेऊन आली, “फक्त नाव बदलून द्या.” फक्त!

दुसरं मशीन नवं, युनिकोडवालं. दोघांच्या मध्ये तळहाताएवढी डबी, केव्हीएम स्विच. म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. बटण दाबा, संसार बदला. सोपं वाटतं ना?

“ह्ये बटन दाबलं की माऊस मरायलाय बग,” दादाचा फोन. मरत नाही हो. पीएस-टू माऊस चालू मशिनवर काढ-घाल करायला बनलेलाच नाही. चाकवाला माऊस सुरुवातीलाच मशिनशी ठरवून घेतो, की दर हालचालीला तीनऐवजी चार बाइट पाठवायचे. स्वस्तातली डबी ही बोली मध्येच तोडते आणि बाण पडद्यावर अंगात आल्यासारखा नाचतो.

नवरात्राआधी फ्लेक्स आणि हँडबिलांची रांग लागते आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. परत आली की दोन्ही मशिन्स एकदम सुरू करायची. दोघंही विचारतात, कीबोर्ड आहे का? तो असतो एकाकडे. दुसरं अडून बसतं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-१ दाबा! (कशाने, बाबा?) चांगली डबी दोघांनाही “आहे, आहे” असं बिनदिक्कत खोटं सांगत राहते. याला एम्युलेशन म्हणतात आणि जास्तीचे पैसे मोजायचे ते याचेच. नसेल तर बायोसमध्ये “कीबोर्ड नसला तरी थांबू नको” ही सेटिंग शोधा.

कॉपी-पेस्टची आशा सोडा. क्लिपबोर्ड ज्याच्या त्याच्या पोटात असतो. आणि कीबोर्डला मराठी येत नाही बरं! तो फक्त कुठली कळ दाबली एवढंच कळवतो. अक्षर ठरवतं मशीन. म्हाताऱ्यात टाइपरायटरचा लेआउट, नव्यात इनस्क्रिप्ट. कळ तीच, बटण दाबलं की अक्षर भलतंच.

पण खरा व्हिलन जमिनीत आहे. नवा सीपीयू होता इन्व्हर्टरच्या सॉकेटवर, म्हातारा भिंतीतल्या. डबीच्या केबलमुळे दोघांची अर्थिंग एकमेकांना जोडली गेली. बालाघाटाचा हा भाग उन्हाळ्यात कडक वाळतो, अर्थिंगचा खड्डाही वाळतो, आणि कोरडी माती करंट मुरवून घेत नाही. मग दोन अर्थिंगमधल्या व्होल्टेजचा फरक व्हिडिओच्या केबलमधून वाट काढतो. पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू सरकत राहतात. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. अशात चालू मशिनची केबल काढली-घातली तर पोर्ट जळू शकतं, आणि म्हाताऱ्याचा मदरबोर्ड आता आणायचा कुठून?

उपाय साधा. दोन्ही सीपीयू, मॉनिटर, सगळं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि अधूनमधून पाणी. मे महिन्यात गल्लीत टँकरसाठी घागरी रांगेत असताना खड्ड्यात बादली ओतायला वहिनी साफ नकार देते. मग भांडी धुतलेलं पाणी तिकडे जातं. चालतं, अर्थिंगला काय फरक पडतो!

जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत. पण रफार आणि जोडाक्षरं एकेक डोळ्यांनी तपासावी लागतात. लग्नपत्रिकेत वराचं आडनाव चुकलं तर छपाईचे पैसे बुडालेच. दादा रोज रात्री शटर अर्धं ओढून चार-पाच फाइल्स करतो. लॉक अजून धडधाकट आहे. त्याच्या बाजूच्या पोर्टला कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं पोराला बजावून ठेवलंय.