अडथळे उभारणाऱ्यांचे हात

रस्ता खणला की त्याभोवती अडथळे उभे राहतात. मध्यरात्री वाहतूक विरळ झाली म्हणजे टेम्पोतून लोखंडी बॅरिकेड उतरतात, पत्रे ठोकले जातात, आणि सकाळी आपण कुरकुरत वळसा घेतो. वाटसरू खड्ड्यात पडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था ज्या हातांनी उभी राहते, त्या हातांची चिंता मात्र कोणी वाहिलेली दिसत नाही.

बॅरिकेडला बहुधा मूठ नसते. कामगार चौकटीची कडच धरतो आणि खाली टेकवताना त्याची बोटे चौकट व डांबर यांच्यामध्ये सापडतात; घडीचे बॅरिकेड असेल तर बिजागरीत. पत्र्याची कड दुमडलेली नसली तर ती तळहात चिरते. काँक्रीटचे दुभाजक क्रेनने उतरवताना तर टनावारी वजन हेलकावे खात असते, आणि ते जागी बसविण्यासाठी दोराऐवजी माणसाचा हात पुढे होतो!

अपघातानंतर मुकादमाचे उत्तर ठरलेले असते: हातमोजे घातले नव्हते. मोजे हवेतच, परंतु पावसात भिजणारे, सर्वांना एकाच मापाचे सुती मोजे वाटले की जबाबदारी संपली, असे मानणे ही पळवाट होय. असा मोजा चेंगरणारे बोट वाचवीत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत रस्त्यावरील कामाच्या जागी कोणती चिन्हे व अडथळे असावेत, याचा तपशील आहे. वाहनचालकाच्या नजरेचा एवढा विचार होतो, तर कामगाराने ती वस्तू कुठे धरावी याचाही निविदेत उल्लेख व्हावा. मूठ जोडणे, कड दुमडणे, भाराला दोर बांधणे यांत खर्च तो कितीसा?

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, पुढील दुरुस्त्यांनुसार, अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के, तर तर्जनी गेल्यास 14 टक्के घटली असे धरले गेले. उचलण्या-ठेवण्यावरच ज्याचे पोट, त्याला हे त्रैराशिक क्रूर वाटल्यास नवल नाही. तरीही ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडून मागता येईल, ही तरतूद त्याच कायद्याने केली होती. मात्र नाक्यावरून एका रात्रीपुरत्या उचललेल्या माणसाचे नाव हजेरीपटावरच नसेल, तर तो कामावर होता हे सिद्ध कोणी करायचे?

पुढील निविदा काढण्यापूर्वी संबंधित अभियंत्याने एका रात्री स्वतः दहा बॅरिकेड टेम्पोतून उतरवून पाहावेत.