सुरुवातीची रेष कोणी आखली?

मोटारींच्या शर्यती म्हणजे पैसेवाल्यांचा शौक. लाखांचे टायर दोन दिवसांत झिजवायचे आणि जिंकल्यावर दारूची बाटली हवेत उधळायची. नाक्यावरच्या मजुराच्या, सफाई कामगाराच्या, शिपायाच्या घरात त्याचे काय काम, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही आजचा लेख ह्याच विषयावर आहे. कारण 'मेरिट, मेरिट' हा जो शब्द आपल्या मुलांच्या कानांवर कॉलेजात, कचेरीत रोज आदळतो, त्याचा खरा अर्थ मला एका शर्यतीच्या हंगामात फार स्वच्छ दिसला.

आधी थोडी माहिती. एकच माणूस बसेल एवढी जागा, डोक्यावर छप्पर नाही, चारही चाके उघडी, अशी ही एक आसनी गाडी. तिची सर्वांत वरची शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन. पण तेथे कोणी एकदम पोहोचत नाही. आठ-दहा वर्षांचे मूल आधी कार्ट नावाची छोटी गाडी चालवते. मग फॉर्म्युला थ्रीसारख्या पायऱ्या चढत जाते. फॉर्म्युला वनच्या अगदी खालची पायरी 2005 ते 2016 पर्यंत 'जीपी टू' या नावाने ओळखली जात होती. 2017 पासून तिला फॉर्म्युला टू म्हणतात.

ह्या जीपी टूचा 2006 सालचा हंगाम स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे सुरू झाला. भीमजयंतीच्या आधीचा तो शनिवार-रविवार, 8 आणि 9 एप्रिल. त्या मैदानात उतरलेल्या सर्व गाड्या एकाच साच्यातल्या होत्या. सांगाडा इटलीच्या दलारा कंपनीचा, इंजिन रेनॉच्या नावाचे चार लिटरचे, टायर ब्रिजस्टोनचे. कोणी कितीही श्रीमंत असो, त्याला ह्याहून जास्त ताकदीचे इंजिन बसवता येत नव्हते. मेकॅनिकांनी गाडी किती नीट जुळवली आणि चालकाने ती कशी हाकली, एवढ्यावरच निकाल. वरून पाहिले तर ह्याहून न्याय्य शर्यत कोणती?

शनिवारची मोठी शर्यत ब्राझीलच्या नेल्सन पिके ज्युनिअरने जिंकली. दुसरा आला इंग्लंडचा लुईस हॅमिल्टन. गाडी दोघांचीही सारखीच. पण त्या गाडीपर्यंत ते दोघे कोणत्या वाटेने आले, ते पाहण्यासारखे आहे.

पिके ज्युनिअरचे वडील नेल्सन पिके. 1981, 1983 आणि 1987 असे तीन वेळा फॉर्म्युला वनचे जगज्जेते. मुलासाठी त्यांनी स्वतःचा संघच काढला होता. मुलगा त्या घरच्या संघाकडून धावत होता. मुलाच्या अंगी कसब नव्हते असे नाही. 2004 साली त्याने ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचे विजेतेपद मिळवले होते. आदल्या वर्षी, 2005 साली, जीपी टूचे पहिले विजेतेपद मिळवणारा निको रॉसबर्ग हाही 1982 चा जगज्जेता केके रॉसबर्ग याचाच मुलगा. म्हणजे ज्या खेळात यंत्रे सगळ्यांना सारखी, त्या खेळातही बापाचा वारसा मुलाच्या आधी मैदानात येऊन उभा होता.

आता दुसऱ्याची वाट पाहा. लुईसचे आजी-आजोबा कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून 1950 च्या दशकात पोटासाठी इंग्लंडला आले. आजोबांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत नोकरी केली. वडील अँथनी हेही काही काळ रेल्वेत होते. आई गोरी, वडील कृष्णवर्णीय. लुईस दोन वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. लुईस आठव्या वर्षी कार्टच्या शर्यतीत उतरला तेव्हा त्याच्याभोवती जवळजवळ सगळे गोरे चेहरे होते. रंगावरून होणारी हेटाळणी आणि मारहाण यांना तोंड देता यावे म्हणून तो लहानपणीच कराटे शिकला. मुलाचा खेळ चालू राहावा म्हणून बापाने एकाच वेळी तीन-चार कामे केली. घरोघरी खिडक्यांच्या काचा विकल्या, भांडी घासली, घरविक्रीचे फलक रोवले. आणि मुलाला एकच अट घातली, शाळेचा अभ्यास झाला तरच शर्यत.

लुईस सोळा वर्षांचा असताना शाळेने एका मारहाणीच्या प्रकरणात त्याला काढून टाकले. त्यात त्याचा हात नव्हता. वडील गप्प बसले नाहीत. त्यांनी अपील केले, वरपर्यंत दाद मागितली आणि तो निर्णय रद्द करून घेतला. अर्जावर अर्ज लिहिण्यात काय कष्ट असतात ते आपल्या समाजाला सांगायला नको. पण अर्ज लिहिणाऱ्याचाच हक्क शाबूत राहतो, हेही आपल्याला ठाऊक आहे.

नुसत्या बापाच्या घामावर हा मुलगा व्हॅलेन्सियापर्यंत पोहोचला असता का? नसता. दहा वर्षांचा असताना एका बक्षीस समारंभात तो मॅकलॅरेन संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि मला एक दिवस तुमची गाडी चालवायची आहे, असे सांगून आला. 1998 साली त्या संघाने त्याचा खर्च उचलला. येथे मला बाबासाहेबांची आठवण होते. सुभेदार रामजींनी लेकीचे दागिने गहाण टाकून मुलाला पुस्तके आणून दिली. पण 1913 साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर कोलंबिया विद्यापीठाची पायरी बाबासाहेबांना दिसली असती का? बापाचे कष्ट पाहिजेत, मुलाची जिद्द पाहिजे, आणि त्याबरोबर संधीही पाहिजे. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन जागच्या जागी जिरून जातात. आपल्या वस्त्यांत अशा जिरलेल्या जिद्दी किती असतील, त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

आता रविवारची गोष्ट, कारण माझा खरा मुद्दा तेथे आहे.

जीपी टूमध्ये तेव्हा एक नियम होता. शनिवारी जे पहिले आठ येतील, त्यांना रविवारच्या छोट्या शर्यतीत उलट्या क्रमाने उभे करायचे. आठवा आलेला सर्वांच्या पुढे आणि पहिला आलेला आठव्या जागेवर. त्यामुळे 9 एप्रिलला पिके आठव्या आणि हॅमिल्टन सातव्या जागेवरून निघाले. शर्यत जिंकली जर्मनीच्या मिखाएल आमरम्युलरने.

वाचकहो, हा नियम म्हणजे आरक्षण नव्हे. लोकांना चुरस पाहायला मिळावी म्हणून आयोजकांनी तो केला होता. पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. पहिल्या आलेल्याला आठवा उभा केला म्हणून कोणी गुणवत्तेचा खून झाला अशी बोंब मारली नाही. कोणी मोर्चा काढला नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होते की कोण कोठून निघणार हे आकाशातून ठरून आलेले नाही. तो माणसांनी कागदावर लिहिलेला नियम आहे. एका हेतूने तो लिहिला, दुसऱ्या हेतूने तो बदलताही येईल.

आपल्या देशात हजारो वर्षे सुरुवातीची रेष जातीने आखली. कोणी विहिरीजवळून निघाला, कोणी गावकुसाबाहेरून. त्याला धर्म म्हटले, पूर्वजन्मीचे फळ म्हटले. ती रेष मानवनिर्मित आहे आणि पुसता येते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला होता की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. सारखे मत मिळाले म्हणजे सारखी वाट मिळाली असे नव्हे. व्हॅलेन्सियातही गाडी सारखी होती, वाट सारखी नव्हती.

मग गुणवत्ता कोठे असते? संधी मिळाल्यावर माणूस काय करतो, त्यात असते. त्याच हंगामात मे महिन्यात जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगवर हॅमिल्टनने शनिवारची शर्यत जिंकली. नियमाप्रमाणे रविवारी त्याला आठव्या जागेवर उभे केले. तेथून निघूनही तो पहिला आला. जूनमध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनवर पुन्हा तेच केले. ऑगस्टमध्ये इस्तंबूलला त्याची गाडी गिरकी खाऊन जवळजवळ सर्वांच्या मागे पडली. एकेकाला मागे टाकत तो दुसरा आला. हंगामाच्या अखेरीस हॅमिल्टनचे 114 गुण झाले, पिकेचे 88. पुढच्या वर्षी, 2007 च्या मार्चमध्ये, तो फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला कृष्णवर्णीय चालक ठरला आणि पहिल्याच शर्यतीत तिसरा आला. पुढे 2008 ते 2020 ह्या काळात सात वेळा जगज्जेता झाला.

ज्याला रेषेजवळ येऊ देण्यातच शंभर अडचणी होत्या, तो आठव्या जागेवरून पहिला आला. मागून निघावे लागणे आणि गुण कमी असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्याहून स्पष्ट काय सांगायचे?

पण एक धोका आहे. असा एखादा माणूस वर गेला की व्यवस्था लगेच म्हणते, बघा, दार उघडेच होते! हे खरे नव्हे. 2008 साली बार्सिलोनाजवळ सराव चालू असताना काही प्रेक्षक तोंडाला काळे फासून त्याची टिंगल करीत होते. आणि त्याने स्वतः पुढाकार घेऊन नेमलेल्या आयोगाचा अहवाल 2021 च्या जुलैत आला, तेव्हा दिसले की फॉर्म्युला वनमध्ये काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय एक टक्काही नाहीत. ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगबरोबर हा अभ्यास झाला. त्यात कारणेही शोधली. कृष्णवर्णीय मुलांना शाळेत खालच्या तुकडीत टाकणे, शाळेतून काढण्याचे जास्त प्रमाण, विज्ञान-गणित शिकवणारे त्यांच्यातले शिक्षक कमी, आणि नोकरभरती ठरावीक नामांकित विद्यापीठांतून. ही यादी वाचताना आपल्याच वस्तीतल्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते की नाही? हॅमिल्टन एवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी त्याने 'मिशन 44' ही संस्था काढून त्यासाठी दोन कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. वर चढल्यावर शिडी ओढून न घेता खालच्याला हात देणारा माणूस आपल्याला जवळचा वाटतो. आपल्याकडे शिकून-सवरून वस्ती सोडून गेलेल्या आणि मागे वळूनही न पाहणाऱ्या बांधवांनी हे जरूर वाचावे.

आपल्या देशातून फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले दोन चालक म्हणजे 2005 साली नारायण कार्तिकेयन आणि 2010 साली करुण चांधोक. दोघेही गुणी. कार्तिकेयनचे वडील रॅलीतले नावाजलेले चालक होते, तर चांधोक यांचे आजोबा मद्रासच्या मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी. घराण्याची वाट येथेही आहेच. आपल्या मुलाने उद्या गाडीत बसून शर्यत जिंकावी, असा खर्चिक सल्ला मी कोणालाही देणार नाही. घर गहाण टाकून तर मुळीच नाही.

पण गाडीत एक चालक बसतो तेव्हा तिच्या मागे इंजिनिअर, फिटर, वेल्डर, टायर बदलणारे असे अनेक हात असतात. तेथे जाण्याची वाट आपल्या आवाक्यातली आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले-मुली स्वतःच्या हातांनी एक आसनी गाडी बांधतात आणि कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर 'फॉर्म्युला भारत' ह्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत ती उतरवतात. आपला मुलगा डिग्री-डिप्लोमाला असेल, आपली मुलगी मेकॅनिकलला असेल, तर कॉलेजात असा संघ आहे का, हे विचारायला सांगा. मुलींना त्यात घेतात का, हेही विचारा. नाही म्हणाले तर का नाही, ते लेखी मागा. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मुदत संपण्याच्या आदल्या रात्री भरायचा नसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक यांची फाईल जूनच्या आधी घरात तयार पाहिजे. विहारातल्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ ह्या कामासाठी ठेवली तर कितीतरी मुलांचे वर्ष वाचेल.

तथागतांनी माणसाची थोरवी जन्मावरून नव्हे, त्याच्या कृतीवरून मोजायला शिकवले. पण कृती करायला मैदानात उतरू तर दिले पाहिजे! तेव्हा कोणी तुमच्या मुलाला मेरिट कोठे आहे म्हणून हिणवले, तर त्याने मान खाली घालू नये. शांतपणे एवढेच विचारावे, आधी सांगा, सुरुवातीची रेष कोणी आखली? आणि मग पुस्तक उघडून अभ्यासाला बसावे.

जय भीम!