अज्ञात इसमाविरुद्ध

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. सुनंदा (नाव बदललं आहे) ती कधी चुकवायची नाही. गेल्या वर्षी मात्र सलग तीन महिने ती आलीच नाही. कर्जाचा हप्ता तेवढा शेजारणीच्या हाती वेळेवर पाठवायची. चौथ्या महिन्यात मी सरळ तिच्या घरी जाऊन थडकले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग तिच्या डोळ्यांना धार लागली.

तिची मुलगी बी.कॉम. झालेली. तिला एका मोठ्या कंपनीच्या नावाने ई-मेल आला. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली सही-शिक्का. 'तुमची निवड झाली आहे. अठरा हजार रुपये डिपॉझिट भरा, रुजू झाल्यावर परत मिळतील.' शिलाई मशीनसाठी म्हणून सुनंदाने गटातून घेतलेलं कर्ज त्यात गेलं. पैसे भरले आणि पलीकडचा माणूस गडप झाला. खऱ्या कंपनीला फोन केला, तर 'हा मेल आमचा नाही' एवढंच उत्तर मिळालं.

"अगं, मग पोलिसांत का नाही गेलीस?"

"कुणाविरुद्ध तक्रार करू ताई? ना नाव ठाऊक, ना गाव. आणि लोक म्हणतील, शिकलेली पोरगी असून फसली. उद्या तिचं लग्न करायचंय."

मी कला शाखेची पदवीधर. कॉम्प्युटर शिकले तो मुलाच्या मागे लागून. पण सुनंदाचा प्रश्न डोक्यातून जाईना. चोराचं नावच माहीत नसेल, तर तक्रार करायची कशी? शोधत गेले तेव्हा कळलं, की हाच प्रश्न जगातल्या बलाढ्य कंपन्यांनाही पडला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता.

खोट्या नावाचा मेल पाठवून माहिती किंवा पैसे काढून घेण्याला 'फिशिंग' म्हणतात. आमिष लावून गळ टाकायचा, मासा लागला की ओढायचा. ३१ मार्च २००५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने अमेरिकेत सिएटलच्या कोर्टात असा गळ टाकणाऱ्यांवर एकदम ११७ दावे दाखल केले. आणि गंमत म्हणजे ते कुणावर, हे तेव्हा कंपनीलाही ठाऊक नव्हतं! दाव्यात प्रतिवादीचं नाव होतं 'जॉन डो', म्हणजे आपल्याकडचा 'अज्ञात इसम'. आपल्या कोर्टांत अशा अनोळखी माणसाला 'अशोककुमार' म्हणायची पद्धत आहे. दावा दाखल झाला, की इंटरनेट सेवा देणाऱ्यांकडून कोर्टामार्फत नोंदी मागवता येतात. खोटं संकेतस्थळ कुणी घेतलं, पैसे कुठून भरले, हे त्यातून उलगडत जातं. म्हणजे नाव माहीत आहे म्हणून दावा नव्हे, तर नाव कळावं म्हणून दावा!

त्याआधी वर्षभर, मार्च २००४ मध्ये, अमेरिका ऑनलाइन, अर्थलिंक, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या चार कंपन्या मिळून नको असलेल्या मेलचा पाऊस पाडणाऱ्यांविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. एरवी एकमेकींचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या या चौघी. पण चोर सगळ्यांच्याच घरात शिरतोय म्हटल्यावर एक झाल्या.

आपल्याकडेही हे घडलं आहे. नॅसकॉम ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना. तिच्या नावाने मेल पाठवून लोकांची खासगी माहिती गोळा करण्याचा उद्योग एका नोकरभरती करणाऱ्या संस्थेने केला होता. नॅसकॉम दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कोर्टाने नेमलेल्या कमिशनरने झडती घेतली, दोन हार्ड डिस्क ताब्यात आल्या. खोट्या नावांनी मेल पाठवणारा माणूस त्यांचाच नोकर निघाला. २३ मार्च २००५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की फिशिंगसाठी वेगळा कायदा नसला तरी ते बेकायदाच आहे. तडजोडीत संस्थेने सोळा लाख रुपये द्यायचं कबूल केलं. वीस वर्षं झाली, पण गळाला लावलेलं आमिष तेच आहे, नोकरीचं!

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये फेसबुकने एका कुप्रसिद्ध अमेरिकन स्पॅमवाल्याविरुद्ध सुमारे ७१ कोटी डॉलरचा निकाल मिळवला. त्यातले बहुतेक पैसे हाती येणार नाहीत, हे कंपनीनेच मान्य केलं होतं. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. पुढे फौजदारी खटला होऊन २०१६ मध्ये त्या माणसाला अडीच वर्षांची कैद झाली. दाव्यांचा उपयोग होतो तो असा. मात्र अशी भरपाई ठरते ती कंपनीसाठी, आपल्या सुनंदांसाठी नव्हे.

म्हणूनच मला या कंपन्यांना एक सांगायचं आहे. तुमचं नाव वापरलं गेलं की तुम्ही वकील उभे करता, चांगलं करता. पण तुमच्या नावावर विश्वास ठेवून जिने डिपॉझिट भरलं, तिला 'हा मेल आमचा नाही' एवढ्यावर वाटेला लावू नका. तिच्या मेलची प्रत घ्या, तिच्या भाषेत तक्रार नोंदवून घ्या. उद्या तोच तुमच्या दाव्यातला पुरावा होईल.

आणि मैत्रिणींनो, एक आपल्यासाठीही. या कंपन्या फसवणूक झाल्याचं सांगताना लाजल्या नाहीत, मग आपण का लाजायचं? लाज गळ टाकणाऱ्याला वाटायला हवी. मेल पुसून टाकू नका. पैसे गेल्याचं कळताच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. जितकी घाई कराल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी नुसार, दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. चोराचं नाव आपल्याला ठाऊक असायलाच हवं, असं कुठे आहे?

सुनंदा माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. मुलीनेच मेलची छापील प्रत पुढे ठेवली. तक्रार नोंदली गेली, 'अज्ञात इसमाविरुद्ध'. पैसे अजून मिळालेले नाहीत, मिळतील याची खात्रीही नाही. पण पुढच्या दहा तारखेला सुनंदा बैठकीला आली आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून एकीने हळूच विचारलं, "ताई, माझ्या सुनेलाही परवा असाच मेल आलाय. पैसे उद्या भरायचेत. थांबवू का?"