डोक्याचा ‘मुका मार’ आणि मैदानाचा नियम

कोल्हापूरची ख्याती कुस्तीइतकीच फुटबॉलचीही आहे. तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर हजारो प्रेक्षक लोटतात. चेंडूसाठी उडी घेताना दोघांची डोकी आपटली, तर तोंडावर पाणी मारून त्यांना पुन्हा खेळविण्याची आपली जुनी रीत आहे. रक्त आले नाही, म्हणजे तो ‘मुका मार’!

वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, अशा आघाताने मेंदूचे कार्य काही काळ बिघडते. सीटी स्कॅनमध्ये बहुधा ते दिसत नाही. पहिला आघात भरून येण्यापूर्वी दुसरा बसल्यास तो, विशेषतः किशोरांना, क्वचित प्राणघातकही ठरतो.

इतर देशांनी यावर धोरण आखले आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या हौशी खेळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शंका येताच खेळाडूस बाहेर काढावे व २१ दिवसांपूर्वी स्पर्धेत उतरवू नये.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकीस्वारास हेल्मेट सक्तीचे करते. शाळेच्या मैदानासाठी असा कायदा नाही. त्याची वाट न पाहता शाळांनी व मंडळांनी एवढे तरी ठरवावे : डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही; उलटी, ग्लानी वा वाढती डोकेदुखी दिसल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या नियमास पैसा लागत नाही. प्रसंगी सामना गमावण्याची तयारी मात्र लागते.