चुना, सुण्ण आणि दोन मिलिमीटरचा तुकडा

परवा मावसबहिणीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "अजून सकाळी उठले की आधी खाटेखाली बघते गं. चुन्याची पुडी पडली नाही ना कुठं." त्या घरात चुन्याचा विषय निघाला की पुढचे बोलणे अवघड होते.

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. नातू पाच वर्षांचा. आजोबांनी तंबाखू मळून चुन्याची प्लॅस्टिकची पुडी खाटेवरच ठेवलेली. पोराने ती खेळता खेळता दाबली, पुडी फुटली आणि चुना थेट उजव्या डोळ्यात. बहिणीने घाबरून डोळ्यात तूप सोडले. विहीणबाई बैलहोंगलच्या, सणाला आलेल्या. त्या परसातून धावत आल्या, "नीरु हाकरी, बरे नीरु!" पण लेकीच्या सासरी त्या किती आवाज चढवणार? दवाखाना गाठेपर्यंत दोन तास गेले.

विहीणबाईंचेच बरोबर होते, हे इथेच सांगून टाकते. चुना जहाल अल्कली. तो डोळ्यावर नुसता बसून राहत नाही, आत झिरपत जातो. तूप, मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध, काही काही घालायचे नाही. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार, निदान अर्धा तास, आणि तडक डॉक्टर. पापणीखाली चुन्याचे कण अडकतात, ते त्यांनीच पापणी उलटून काढायचे असतात.

चार महिन्यांत पोराच्या बुबुळावर लाल शिरांचा पांढरट पडदा चढला. जो तो म्हणे, नेत्रदानातला डोळा बसवा. मीही म्हटले होते. डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले, ते का चालणार नव्हते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सतत झिजतो आणि नवा येतो. डोळ्याचे काळे आणि पांढरे जिथे मिळते त्या कडेला मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. त्या जन्मभर हा थर पुरवतात. चुन्याने ती कडच जळाली होती. मग पांढऱ्या भागावरची कातडी शिरांसकट बुबुळावर सरकते. दात्याचा पडदा नुसता बसवला तर तोही गढूळ होतो. विहीर बुजलेली, आणि आपण पाट नवा बांधायचा, तसेच ते.

'स्टेम सेल' हा शब्द घरात आला आणि सल्लागार वाढले. कुणाच्या ओळखीने एका मोठ्या शहरातला दवाखाना निघाला. पोटाच्या चरबीतून पेशी काढून इंजेक्शन देणार, तीन लाख रुपये, गुण हमखास. भावजी शेताचा तुकडा विकायला निघाले. चूक त्यांची पुडी होती ना. माणूस मग काहीही विकतो.

मी त्यांना एकच विचारायला सांगितले, हा उपचार आहे की प्रयोग? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे रोपण हा मान्य उपचार. अशी इतर इंजेक्शने संशोधनात मोडतात. संशोधन असेल तर नैतिक समितीची मान्यता हवी, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद हवी, आणि रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. भावजींनी फोनवर नोंदणी क्रमांक मागितला. पलीकडचा आवाज एकदम कामात गुंतला.

गंमत अशी की डोळ्याच्या बाबतीत मूळपेशींचे काम खरोखरच झालेले आहे. इटलीत ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी चांगल्या डोळ्याच्या कडेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून जळलेल्या डोळ्यावर बसवल्या. १९९७ मध्ये दोन रुग्णांची हकिकत छापली. त्याच पद्धतीचे 'होलोक्लार' युरोपात अधिकृत औषध व्हायला २०१५ साल उजाडले. अठरा वर्षे! पण अशा पेशी वाढवायला अतिशुद्ध प्रयोगशाळा लागते आणि खर्चही तसाच.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतही पेशी वाढवून रोपण होत होते. तिथल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी मग प्रयोगशाळाच वगळून पाहिली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर पातळ पापुद्रा पसरून त्यावर चिकटवायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात. हा पापुद्रा असतो बाळंतपणानंतरच्या वारेचा. आपल्याकडे वार पुरतात, ती अशी कुणाच्या दृष्टीला कामी येते! ही पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये त्यांनी १२५ डोळ्यांचा हिशेब मांडला. त्यात साठ लहान मुले होती. ९५ डोळ्यांत यश टिकले होते. तीस डोळ्यांत टिकले नाही, हेही त्यांनीच छापले. दोन्ही डोळे जळले असतील तर मात्र स्वतःचा चांगला तुकडा आणायचा कुठून? तिथे वाट अजून खडतर आहे.

आमच्या पोराची शस्त्रक्रिया २०२३ मध्ये हैदराबादला याच पद्धतीने झाली. तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून 'हमखास' शब्द आला नाही. "चारातल्या तिघांना गुण येतो," एवढेच म्हणाले. बहिणीला ते ऐकून धास्ती वाटली, मला उलट धीर आला.

पापुद्रा विरघळला, लाली उतरली, बुबुळ बरेच निवळले. पण लहान वयात डोळा बंद राहिला की मेंदू त्याला विसरू लागतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावून दुखऱ्याला कामाला लावायचे. पोर पट्टी ओढून काढायचे, रडायचे. तेव्हा आजोबा समोर बसायचे, एका हातात मराठी पेपर, दुसऱ्या हातात कन्नड. आधी फक्त मथळे. पोर कन्नड शाळेतले, त्यामुळे कन्नड मथळा पटकन ओळखायचे आणि मराठीपाशी अडायचे. आजोबांचे कन्नड त्याहून कच्चे. दोघे एकमेकांच्या चुका काढायचे.

चष्म्याने आता त्याला मथळ्याखालची मोठी अक्षरेही लागतात. बारीक लागत नाहीत. पुढच्या महिन्यात परत हैदराबादला तपासणी आहे. बहिणीबरोबर या खेपेला विहीणबाई जाणार आहेत.