गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

गेल्या हिवाळ्यात आपांच्या घरी रात्रीचे जेवण आटोपले आणि भाच्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. "मामू, बघा. कशी वाटते?" फोटोत एक लाल गाडी होती. दिसायला चार दारांची, घरातल्या माणसांनी बसून लग्नाला जावे अशी. भाचा म्हणाला, "साधी नाही ही. ऑक्टेव्हिया आरएस. २०१८ चे मॉडेल, एकोणीस लाखांत देतोय."

भाचा सात वर्षे कतारला राबून परत आला. आता लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आहे. चिपळूणहून परशुराम घाटातून रोज येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर. गाठीशी चोवीस लाख. आपांच्या मनात होते की त्यातून घराचा वरचा मजला व्हावा आणि धाकटीची बी. फार्मसीची चार वर्षांची फी निघावी. दुल्हाभाई गप्प होते. मग सगळे आमच्याकडे पाहू लागले. घरात एक मास्तर असला की हे असे होते. दोन्ही बाजूंना वाटते, हा आपल्याच बाजूने बोलणार.

आम्ही "घे" म्हटले नाही, "नको" असेही म्हटले नाही. पोराने वाळवंटात घाम गाळून कमावलेला पैसा आहे, एखादी हौस असणे हा गुन्हा नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "आधी वही आण."

वही उघडण्याआधी ही गाडी काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्यासारख्या पुष्कळ वाचकांना तीही बाकीच्या गाड्यांसारखीच दिसेल. स्कोडाने ऑक्टेव्हियाची आरएस २३० ही आवृत्ती भारतात २०१७ मध्ये आणली. शोरूमची किंमत साडेचोवीस लाखांच्या वर. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद २३० पीएस. आपल्या गल्लीतल्या छोट्या गाड्यांची ताकद साधारण ८० ते ९० असते, त्यावरून अंदाज यावा. पुढे २०२० मध्ये आरएस २४५ आली, फक्त २०० गाड्या, किंमत जवळपास ३६ लाख. २०२५ मध्ये नवी आरएस आली तीही अवघ्या १०० आणि पन्नास लाखांच्या घरात. म्हणजे ज्याला नवी परवडत नाही तो जुनी शोधतो आणि जुन्या आहेत मोजक्याच. शिवाय ही गाडी रोजच्या वापरालाही चालते. पाच माणसे बसतात, मागचे दार काचेसकट वर उघडते आणि डिकी ५९० लिटरची. आंब्याच्या पेट्या सहज मावतात. भाच्याचा मुद्दा हाच होता: "मामू, हौसही भागते आणि घरालाही उपयोग होतो."

मुद्दा खोटा नव्हता. पण वहीत आम्ही पहिले वाक्य लिहिले ते असे: गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. पंचवीस लाखांची गाडी आठ वर्षांनी सतरा-अठरा लाखांना मिळेल, पण तिचे टायर, ब्रेक, सुटे भाग आणि मेकॅनिकची मजुरी पंचवीस लाखांच्या गाडीचीच राहते. उलट वाढते, कारण गाडीचे वय वाढलेले असते.

मग हिशेब मांडला. महिन्याला हजार किलोमीटर धरले. रोजच्या रहदारीत आणि घाटात ही गाडी लिटरला नऊ किलोमीटर देईल असे धरले, पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले. महिन्याला अकरा हजार रुपये. लिटरला अठरा देणाऱ्या छोट्या गाडीला याच्या निम्मे लागतात. रुंद टायरांचा चांगला संच घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास. ताकद सगळी पुढच्या चाकांवर, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. गिअरबॉक्स आपोआप बदलणारा, दुहेरी क्लचचा, तेलात बुडालेला. त्याचे तेल साधारण साठ हजार किलोमीटरला बदलावे लागते आणि ते साध्या इंजिन ऑइलच्या भावात होत नाही. विम्यात नुसता थर्ड पार्टीचा हप्ता बघा. २०२२ पासून १५०० सीसीच्या वरच्या गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, त्याखालच्या हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला ३,४१६.

आता घरातला नाजूक मुद्दा. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे आपांच्या घरात ठरलेले आहे. फार चांगले. पण म्हणून सगळी शिल्लक एका गाडीत घातली तर काय होते? सहा महिन्यांनी लाखाची दुरुस्ती निघते आणि माणूस चाचांकडे, साडूकडे, दोस्ताकडे उसने मागत फिरतो. बँकेचे देणे टळले, नातेवाइकांचे उरावर बसले. म्हणून रोखीने घेणाऱ्याने गाडीच्या किमतीबरोबर दुरुस्तीची रक्कमही आधीच बाजूला काढली पाहिजे. आम्ही वहीत लिहिले: धाकटीची फी चार लाख, ती आधी. दुरुस्तीची पुरचुंडी अडीच लाख, तिला हात लावायचा तो फक्त गाडीसाठी. राहिले साडेसतरा. एकोणीस लाखांची लाल गाडी तिथेच वहीबाहेर गेली. भाच्याचे तोंड उतरले. तरी म्हणाला, "बघून तर येऊ. भाव कमी करतील."

गेलो. नवी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे ती उभी होती, आरशासारखी चकचकीत. आम्ही बॉनेटवर हात ठेवला तर गरम. गिऱ्हाईक यायच्या आधीच कुणीतरी गाडी सुरू करून ठेवली होती. हे लक्षात ठेवा: जुनी गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची. धूर, खडखड, अडखळणे जे काही असेल ते पहिल्या मिनिटात कळते.

मीटरवर ३८ हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे चकाकलेले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे ४१२३ होते, म्हणजे २०२३ च्या एकेचाळिसाव्या आठवड्यातले. ३८ हजारांत टायरचा दुसरा संच? असेलही. पण तो सिटाच्या खुणांशी आणि पेडलशी जुळायला हवा, तसेच सर्व्हिसच्या कागदांशीही. कागद मागितले तर "मालकाकडे आहेत" हे उत्तर. मालकाचा नंबर मागितला तर "मालक बाहेरगावी." भाच्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. चिपळूणच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर किती गाड्या धुऊन-पुसून लांब नेऊन विकल्या गेल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुरातल्या गाडीचा पट्टा टोकाला चिखलाची रेघ दाखवतो. इथे चिखल नव्हता. पण कॉम्प्युटर लावून तपासू द्या म्हटल्यावर नकार आला आणि आमच्यापुरता तोच निकाल होता.

येताना भाचा पनवेलपर्यंत बोलला नाही. मग उसळून म्हणाला, "मामू, सरळ सरळ फसवत होता! ऐब लपवून माल विकणे हराम आहे हे याला कुणी सांगितले नाही का?"

दुसरी गाडी महिन्याभराने पुण्यात मिळाली. राखाडी रंग, ७१ हजार किलोमीटर, एकच मालक. मीटरचा आकडा पहिल्या गाडीच्या जवळपास दुप्पट, पण मालकाने पुढे ठेवलेल्या फायलीत प्रत्येक सर्व्हिसचे बिल होते, गिअरबॉक्सचे तेल बदलल्याचेही. त्यांनी न विचारता सांगितले की पुढच्या बंपरला एकदा रंग दिला आहे, खालच्या हाताचे बुश वाजतात आणि टायर पावसाळ्याआधी बदलावे लागतील. इंजिनची ताकद वाढवणारे प्रोग्रॅमिंग केले होते का, हे आम्ही मुद्दाम विचारले. टर्बो गाडीत हा प्रकार पुष्कळ होतो आणि विकताना मूळचे परत टाकले जाते. नाही म्हणाले, आणि तपासायला गाडी आमच्या मेकॅनिकच्या हवाली केली. रहदारीत हळूहळू सरकवली, चढावर मागे घेतली, धक्का नाही. सौदा सव्वासतरा लाखांना ठरला.

कागदांचे काम वाचकांनी नीट वाचावे. वाहनाची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, दंड थकले आहेत का ते बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली स्वस्त गाडी दिसली तर ना-हरकत दाखला आणि आपल्याकडचा रस्ता-कर धरून मगच तिला स्वस्त म्हणा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला नव्या सुरक्षा नंबरप्लेट बसवल्यात का तेही बघा, नाहीतर आरटीओत काम अडते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही.

खरी परीक्षा यानंतर आली. दुल्हाभाईंची जुनी छोटी गाडी विकायची होती. गिऱ्हाईक ठरले, खेडचा एक किराणा दुकानदार, दोन लाख द्यायला तयार. त्या गाडीचा क्लच संपत आला होता. घाट चढताना इंजिन ओरडायचे आणि गाडी मात्र जागच्या जागी. आदल्या रात्री भाचा आम्हाला हळूच म्हणाला, "मामू, क्लचचे बोलू नका. सपाटीवर चालवून बघतील, कळणार नाही."

आम्ही त्याच्याकडे पाहिले. पनवेलला काय म्हणाला होतास, एवढेच विचारले. फिकहमध्ये खियारे-ऐब नावाचा हक्क आहे. लपवलेला दोष नंतर निघाला तर घेणाऱ्याला माल परत करता येतो. तो हक्क आपण घेणारे असताना आठवतो, विकणारे झालो की विसरतो. हे आम्ही त्याला उपदेश म्हणून सांगितले नाही, कारण आम्हालाही पंधरा हजारांचा मोह समजतो. तो बराच वेळ अंगणात फिरत राहिला.

सकाळी दुकानदार आले तेव्हा चावी देताना भाचाच म्हणाला, "चाचा, क्लच बदलावा लागेल. घाटात त्रास देते." दुकानदारांनी अठरा हजार कमी केले आणि चहा घेऊन गाडी नेली. वहीत आम्ही अठरा हजार लाल शाईने लिहिले.

राखाडी गाडी येऊन आता तीन महिने झाले. टायर, बुश आणि सर्व्हिस मिळून पुरचुंडीतले ऐंशी हजार गेले. पुरचुंडी नसती तर ते ऐंशी हजार कुणाच्या तरी दारात मागावे लागले असते. भाचा सांगतो, परशुराम घाटात ट्रकांच्या मागे २३० घोड्यांपैकी पन्नास-साठच लागतात. बाकीचे तबेल्यातच राहतात. आम्ही म्हणालो, तिथेच राहू देत.

धाकटीची पहिल्या वर्षाची फी भरली. वरचा मजला मात्र राहिला, दोन वर्षे तरी. आपांनी त्याबद्दल अजून पूर्ण माफ केलेले नाही. परवा लग्नाला जाताना मागच्या सिटावर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढे लाख घातले आणि बसायला इतकी खाली? गुडघे दुखतात." भाच्याने उतरून आईला हात देऊन बसवले, दार लावले आणि गाडी अगदी हळू काढली.